सुट्टीत बारा ताटं, पाच दिवस: आधी करून फ्रीझरमध्ये काय काय ठेवता येईल?

सावळागोंधळ

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे रोमात असते, म्हणजे नुसती वाचत असते, पण आता गळ्याशी आलंय. सुट्ट्या महिन्यावर आल्यात आणि घरी माणसं येणार आहेत, राहायला, पाच दिवस. आम्ही चार, ते आठ. त्यात दोन लहान मुलं, पैकी एकाला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी, आणि एक आजी ज्यांना तिखट अजिबात सोसत नाही.

मागच्या खेपेला मी फार हुशारी केली होती. आठवडाभर आधी रस्सा, सूप, भात असं सगळं करून मोठ्या डब्यांत भरून फ्रीझरमध्ये रचून ठेवलं. पाहुणे आले त्या दिवशी सकाळी दहाला तीन किलो रश्श्याचा डबा बाहेर काढला. साडेबाराला बघते तर कडेने चार चमचे पाणी सुटलेलं आणि मध्ये दगड. पातेल्यात उपडा करून गॅसवर ठेवला, तर खालून करपल्याचा वास आणि वर बर्फ तसाच. शेवटी नवऱ्याने उलथन्याने आणि बत्त्याने फोडला. पाहुणे बाहेर ऐकतायत, आत ठोकाठोकी. जेवलो तीनला. रश्श्यातले बटाटे ओल्या स्पंजासारखे लागत होते. डब्यांवर नावं नव्हती, त्यामुळे सूप म्हणून जे काढलं ते निघालं फळांचा गर.

तर सांगा: काय नीट गोठतं, काय नाही, किती आधी करायचं, आणि तो ठोकळा होऊ नये म्हणून काय? वेगळा डीप फ्रीझर नाही. फ्रिजचाच वरचा कप्पा, साधारण साठ लिटरचा.

चमचाभर

उलथनं आणि बत्ता =)) वाचतोय.

मीठ_चवीपुरतं

हसले, माफ कर. ज्याने कधी ठोकळा फोडला नाही त्याने फ्रीझर वापरलाच नाही असं समज.

तुझा स्वयंपाक चुकला नव्हता, डबा चुकला. पातळ पदार्थांना मोठा डबा नकोच. झिपवाली जाड पिशवी घे. ती एका उभ्या भांड्यात बसवून तिचा काठ भांड्यावर बाहेरून दुमडायचा, म्हणजे झिपेला रस्सा लागत नाही. (झिपेत एक मोहरी अडकली तरी ती नीट बसत नाही आणि हे तुला रस्सा सांडल्यावर कळतं.) पूर्ण गार झालेला रस्सा ओत, एक किलोच्या वर नको. काठ सरळ कर, झिप बोटभर उघडी ठेवून पिशवी हळूहळू आडवी करत हवा काढ, मग बंद कर. ताटात आडवी ठेवून हाताने पसरव, दोन सेंटिमीटर जाडी. ताटासकट फ्रीझरमध्ये. दुसऱ्या दिवशी ताट काढून घ्यायचं आणि पिशव्या वह्यांसारख्या उभ्या लावायच्या.

अशी पिशवी गार पाण्यात बुडवली की अर्ध्यापाऊण तासात हाताने मोडता येते. मोडलेले तुकडे पातेल्यात घालून वर थोडं पाणी, मंद गॅस. बत्ता परत खलात.

आणि नाव आधी लिही, पिशवी रिकामी असताना. भरल्यावर बाहेरून दव धरतं, मार्कर चालत नाही.

थंडोबा

वरच्या प्रतिसादाला अनुमोदन, थोडं कारण सांगतो. पोटापाण्यासाठी शीतकपाटं दुरुस्त करतो, त्यामुळे हा माझा प्रांत.

थंडी बाहेरून आत शिरते. जाडी दुप्पट केली की वेळ नुसता दुप्पट होत नाही. बाहेरून आतपर्यंत पोचायचा जो भाग आहे तो चौपट होतो. दहा सेंटिमीटरचा डबा आणि दोन सेंटिमीटरची पिशवी यांत तासांचा नाही, दिवसाचा फरक पडू शकतो. सुटतानाही (म्हणजे बर्फ वितळतानाही) तेच गणित, उलट्या दिशेने.

बटाट्याचा स्पंज का झाला तेही यातच आलं. शून्य ते −५ अंश हा टप्पा अन्न हळू ओलांडत असेल तर बर्फाचे खडे मोठे होतात आणि पेशींच्या भिंती फोडतात. पटकन ओलांडला तर खडे बारीक. क्लॅरेन्स बर्ड्‌सआय नावाच्या माणसाने १९१२ नंतर लॅब्राडोरमध्ये राहताना पाहिलं की तिथल्या लोकांनी कडाक्याच्या थंडीत पकडलेला मासा बाहेर काढताक्षणी गोठतो आणि महिन्यांनी शिजवला तरी ताज्यासारखा लागतो. त्याने त्यावरून दोन थंड पत्र्यांमध्ये अन्न दाबून गोठवायचं यंत्र बनवलं आणि १९३० साली अमेरिकेत गोठवलेल्या पाकिटांची विक्री सुरू झाली. तुमची ताटावर आडवी ठेवलेली पिशवी त्याच कल्पनेची घरगुती बहीण. ताट स्टीलचं किंवा अ‍ॅल्युमिनियमचं घ्या, प्लास्टिकचं नको.

आता मुद्द्याचं. कप्प्याच्या दारावर बर्फाच्या चांदण्या छापलेल्या असतात त्या बघा (वीजबचतीचे तारे वेगळे, गल्लत करू नका). एक चांदणी म्हणजे −६, दोन म्हणजे −१२, तीन म्हणजे −१८. तीन लहान आणि एक मोठी अशा चार असतील तरच तो कप्पा ताजं अन्न गोठवण्यासाठी बनवलेला आहे. तीनवाला गोठलेलं सांभाळतो, पण नवीन गोठवायला कष्टतो. आणि चारवाला असला तरी शंभर लिटरमागे दिवसाला तीन ते साडेचार किलोपेक्षा जास्त नवीन माल घालू नका. तुमच्या साठ लिटरला दिवसाचे दोन-अडीच किलो. एका दिवशी दहा किलो कोंबलं तर नवीन तर गोठत नाहीच, आधीचंही मऊ पडतं.

सावळागोंधळ

बापरे. मी मागच्या वेळी एका रविवारी सगळं एकदम घातलं होतं.

चांदण्या बघितल्या, चार आहेत. पण आत बोटभर बर्फाची साय चढलीय.

थंडोबा

मग आधी तो बर्फ काढा. ती साय म्हणजे रजई आहे, थंडी आतच अडवून धरते. फ्रिज बंद करा, आत गरम पाण्याचं पातेलं ठेवा, दार उघडं. सुरीने खरवडू नका. पत्र्याला भोक पाडून मला बोलावणारी दरवर्षी चार-पाच घरं असतात. शिवाय एक छोटा थर्मामीटर आणून आत ठेवा. बटणावरचे आकडे म्हणजे अंश नव्हेत.

शंकेखोर

माझं मत थोडं वेगळं आहे. पंधरा दिवसांपूर्वीचं अन्न पाहुण्यांना घालायचं हे मनाला पटत नाही. शिळं ते शिळंच, मग ते बर्फात का असेना. दोन पदार्थ कमी करा पण ताजं करा. बाराजणांचा साधा स्वयंपाक पूर्वी बायका रोज करतच होत्या.

चमचाभर

पूर्वी बायका करत होत्या, बरोबर. तुम्ही कुठे होतात तेव्हा? बैठकीत?

शंकेखोर

वैयक्तिक होऊ नका. मी स्वतः स्वयंपाक करतो, रोज दोन्ही वेळचा.

मीठ_चवीपुरतं

शंकेखोर यांचं म्हणणं अगदीच टाकून देऊ नका. काही गोष्टी ताज्याच हव्यात: कोशिंबीर, भात जमला तर, वरून घालायची कोथिंबीर-लिंबू, तळण. पण शिळं म्हणजे बाहेर पडून आंबायला लागलेलं. −१८ ला वेळ जवळपास थांबलेली असते. तीन दिवस फ्रिजमध्ये राहिलेल्या रश्श्यापेक्षा त्याच दिवशी गोठवलेला पंधरा दिवसांचा रस्सा मी कधीही ताजा म्हणेन.

माझा नियम: पूर्ण पदार्थ गोठवायचा नाही, पदार्थाचा कंटाळवाणा भाग गोठवायचा. कांदा-टोमॅटो परतून केलेली ग्रेव्ही, शिजवलेली कडधान्यं, हाडांचा किंवा भाज्यांचा अर्क, आलं-लसणाच्या वड्या, वळून ठेवलेली कटलेटं. ज्यात वेळ जातो पण पाहुण्यांना दिसत नाही ते सगळं. मग त्या दिवशी ग्रेव्ही सुटते, तिच्यात ताजा बटाटा किंवा ताजी भाजी पडते, वीस मिनिटांत ताजा पदार्थ. आजींसाठी तिखट न घातलेली तीच ग्रेव्ही वेगळ्या पातेल्यात. एका पायावर तीन चवी होतात.

सावळागोंधळ

हे आवडलं! म्हणजे माझ्या रश्श्यातून बटाटा वगळायचा आणि बाकी ठेवायचं?

मीठ_चवीपुरतं

हो. उकडलेल्या बटाट्याचे तुकडे गोठले की रवाळ होतात. कुस्करून लोणी घातलेला बटाटा मात्र बऱ्यापैकी टिकतो, म्हणून कटलेटं चालतात.

बाकी माझ्या चुका सांगते, म्हणजे तुझ्या वाचतील. उकडलेलं अंडं: पांढरं रबर होतं. दही किंवा साय घातलेली ग्रेव्ही: फुटते, दाणे दाणे दिसतात. दही-साय शेवटी गरम करतानाच घाल. मैदा किंवा कॉर्नफ्लोअर लावून दाट केलेलं सूप: सुटल्यावर पाणी वेगळं, चोथा वेगळा. गरम करताना रवीने घुसळलं तर सावरतं, पण मी आता दाट करायचं कामच शेवटी ठेवते. काकडी, सॅलडची पानं: विचारही नको. पास्ता पूर्ण शिजवून गोठवला तर खीर होते. दोन-तीन मिनिटं कच्चा असतानाच उतरव.

मसाल्याचं कुणी सांगत नाही म्हणून सांगते. लवंग, मिरी, लसूण फ्रीझरमध्ये उग्र होतात, कधी कडवट. मीठ मात्र फिकं लागायला लागतं. म्हणून गोठवायच्या ग्रेव्हीत मसाला हात राखून घालायचा आणि गरम केल्यावर चाखून पुरा करायचा. माझ्या नावातच आहे ते.

पडद्यामागची

मोठ्या स्वयंपाकघरात बारा वर्षं काम केलंय, रोजची तीन-चारशे ताटं. वर सगळे गोठवण्याबद्दल बोलतायत. माझा जीव गार करण्यात अडकलाय, कारण माणसं आजारी पडतात ती तिथे.

५ ते ६० अंश हा जंतूंचा आवडता पट्टा. शिजवलेलं अन्न त्या पट्ट्यात जितका कमी वेळ राहील तितकं बरं. बाहेर जास्तीत जास्त दोन तास, उकाडा ३२ च्या वर असेल तर एकच. तुम्ही दहा लिटरचं पातेलं झाकून ओट्यावर ‘गार होऊ दे’ म्हणून रात्रभर ठेवलंत तर त्याचा मधला भाग सकाळीही कोमट असतो. मग ते गोठवा नाहीतर पुरून ठेवा, घात झालेलाच आहे.

आमच्याकडे नियम होता: दोन तासांत २१ अंशांपर्यंत, पुढच्या चार तासांत ५ च्या आत. घरी करायचं तर सिंकमध्ये बर्फाचं पाणी भरा, त्यात पातेलं ठेवा आणि ढवळत राहा. किंवा पसरट ताटांत दोन-तीन बोटं जाडीने ओता. झाकण नको, वाफ जाऊ द्या. घाई असेल तर सूप मुद्दाम घट्ट करा आणि शेवटी मोजून स्वच्छ बर्फ घाला. पाणीही पुरं होतं, गारही होतं.

भाताचं वेगळं सांगते. तांदळात बॅसिलस सेरिअस नावाच्या जंतूचे बीजाणू असतात आणि ते शिजवूनही मरत नाहीत. भात कोमट राहिला की ते वाढतात आणि जे विष सोडतात ते पुन्हा उकळूनही जात नाही. म्हणून भात गोठवायचाच तर शिजला की लगेच ताटात पसरा, तासाभरात गार करून पिशवीत. गरम करताना वर चमचाभर पाणी शिंपडून झाकून, आणि एकदाच.

चमचाभर

पण फ्रीझरमध्ये ठेवलं की जंतू मरतात ना? मी आयुष्यभर हेच ऐकत आलोय.

पडद्यामागची

नाही. झोपतात. अन्न सुटलं की उठतात, तेही भुकेले. म्हणून गरम करताना ‘खाण्याइतकं गरम’ पुरत नाही, मध्यभागी ७४ अंश पोचायला हवं. पातळ पदार्थ खळखळून उकळा. मायक्रोवेव्हमध्ये मधे एकदा थांबून ढवळा, कडेला वाफ आणि मध्ये बर्फ ही त्याची खोडच आहे.

आणि शेंगदाण्याचं अजून कुणी बोललं नाही! त्या मुलाचं जेवण सगळ्यात आधी करायचं. घासलेली भांडी, वेगळा पळा, वेगळ्या रंगाची चिकटपट्टी. बाकीच्यांच्या पदार्थात दाण्याचं कूट घालून त्याचं तेवढं वेगळं काढलं, असं करू नका. त्यापेक्षा पाचही दिवस घरात दाणा आणूच नका. तोच पळा चुकून त्या पातेल्यात जातो आणि हे घाईत कुणाच्याही लक्षात येत नाही.

सावळागोंधळ

दाणा बंद. ठरलं. पाच दिवस नवऱ्याची उपासमार, पण ठीक आहे.

अर्धा_कप

मी फक्त भट्टीच्या बाजूचं सांगते. केक आयसिंगशिवाय सुंदर गोठतो. पूर्ण गार झाल्यावर प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळायचा, वरून फॉइल. सोडवताना गुंडाळलेलाच ठेवायचा, म्हणजे दव वेष्टनावर धरतं, केकवर नाही. ब्रेड कापून गोठवा आणि काप थेट टोस्टरमध्ये टाका, सोडवायची गरजच नाही. बिस्किटांचं पीठ गोळे करून ताटात सुटे सुटे गोठवायचं, मग एका पिशवीत. हवे तेवढे काढून थेट भट्टीत, दोन-तीन मिनिटं जास्त. सकाळी मुलं उठायच्या आत घरभर वास. यीस्टचं पीठ गोठवणार असाल तर यीस्ट थोडं जास्त घ्या, काही मरतंच.

सुटं गोठवायची ही युक्ती मटार, कटलेट, फळांच्या फोडी सगळ्याला चालते.

मीठ_चवीपुरतं

भाज्या गोठवणार असलीस तर आधी उकळत्या पाण्यातून काढ. मटार दीड मिनिट, फरसबी तीन. मग तितकाच वेळ बर्फाच्या पाण्यात, आणि पुसून कोरड्या. नाहीतर थंडीतही त्यांचा रंग आणि चव आतल्या आत मरत राहते.

सावळागोंधळ

मंडळी, बेत केलाय, चुका काढा.

पाच दिवस, दोन जेवणं, म्हणजे १० जेवणं गुणिले १२, १२० ताटं! दर ताटाला पाव लिटर रस्सा धरला तर एका जेवणाला तीन पिशव्या. दहा जेवणांच्या ३० पिशव्या. दिवसाला दोन किलोने १५ दिवस लागतील आणि मावणारही नाही. म्हणून पाच जेवणंच फ्रीझरमधली, बाकी ताजी किंवा बाहेर. १५ पिशव्या: सहा ग्रेव्ही, तीन कडधान्यं, तीन सूप, तीन कोंबडीचा रस्सा. शिवाय ४० कटलेटं, दोन केक. पाहुण्यांच्या तीन आठवडे आधी सुरुवात, रोज दोनच पिशव्या. पहिला आठवडा फक्त कप्पा रिकामा करण्यात घालवणार आहे, आत काय काय दडलंय देव जाणे.

थंडोबा

उत्तम. गोठताना पिशव्यांमध्ये हवा खेळायला फटी ठेवा, गोठल्यावर खुशाल खेटून लावा. भरलेला फ्रीझर वीज गेली तरी दार न उघडता ४८ तास टिकतो, अर्धा असला तर २४. एक कपभर पाणी गोठवून त्यावर नाणं ठेवा. नाणं बुडालेलं दिसलं तर समजा मधे कधीतरी सगळं सुटलं होतं.

पडद्यामागची

बेत छान आहे, पण अर्धाच आहे. गोठवायचं वेळापत्रक आहे, सोडवायचं कुठे आहे?

मागच्या वेळचा ठोकळाच बघा. दोन किलोच्या आसपासचा घट्ट गोळा फ्रिजमध्ये सुटायला २४ तास लागतात. गार पाण्यात अर्ध्या किलोला तास, तेही दर अर्ध्या तासाने पाणी बदलून. तुम्ही तीन किलोला अडीच तास दिले होते, शिवाय ओट्यावर, जिथे बाहेरचा थर धोक्याच्या पट्ट्यात आणि आतला बर्फात.

म्हणून ताटापासून उलटं मोजत या. बुधवारी रात्री जेवायचंय, तर मंगळवारी रात्री पिशव्या फ्रीझरमधून खालच्या कप्प्यात. मग विचारा, खालच्या कप्प्यात जागा आहे का? पाहुण्यांच्या दिवशी तो दूध, फळं, भाज्या, कुणीतरी आणलेली मिठाई यांनी गच्च असतो. फ्रीझर भरायची काळजी सगळे करतात, फ्रिजमधला एक रॅक रिकामा ठेवायची कुणी करत नाही. मधला रॅक ‘सोडवण्याचा’ असं कागदावर लिहून चिकटवा आणि पिशव्या खोल ताटातच ठेवा. गोठलेल्या पिशवीचा कोपरा कधी टोचला जातो आणि ती सुटताना गळते.

शेगड्याही मोजा. बाराजणांचं चार पातेल्यांत गरम करायचंय आणि शेगड्या दोन असतील तर बेत तिथेच अडतो. एक भट्टीत, एक मायक्रोवेव्हमध्ये, दोन गॅसवर असं आधीच वाटून टाका. काचेचं भांडं फ्रीझरमधून थेट तापल्या भट्टीत नको, तडकतं. टोमॅटोचं काही अ‍ॅल्युमिनियम फॉइलला चिकटून ठेवू नका, आंबट फॉइल खातं.

शंकेखोर

हा प्रतिसाद आवडला. माझा विरोध मागे घेतो असं नाही, पण ग्रेव्हीपुरता घेतो. एक प्रश्न: सुटलेलं उरलं तर परत गोठवता येतं का? आमच्याकडे यावरून वाद होतात.

पडद्यामागची

फ्रिजमध्येच सुटलं असेल आणि बाहेर राहिलं नसेल, तर गोठवता येतं. चव आणि पोत उतरतो, धोका नाही. बाहेर किंवा पाण्यात सोडवलेलं तसंच परत ठेवू नका, आधी शिजवा. गरम करून मेजावर फिरून आलेलं भांडं मात्र मी कधीच परत गोठवत नाही, संपवा नाहीतर टाका. म्हणूनच लहान पिशव्या.

सावळागोंधळ

(पाच आठवड्यांनंतर)

काल शेवटची गाडी निघाली. पाय सोडून बसलेय, म्हणून सविस्तर लिहिते.

पहिलं जेवण १२:४० ला. बत्ता खलात होता! ग्रेव्ही आदल्या रात्री रॅकवर काढली होती, सकाळी मऊ. एका पिशवीचा कोपरा खरंच फाटला होता आणि खालच्या ताटात दोन वाट्या ग्रेव्ही साचली होती. ताट नसतं तर ती भाज्यांच्या खणात गेली असती. पडद्यामागची, साष्टांग.

थर्मामीटरने पहिल्या दिवशी −११ दाखवलं होतं. बर्फ खरवडला नाही, वितळवला (दोन पातेली गरम पाणी, चार टॉवेल). बटण फिरवल्यावर दुसऱ्या दिवशी −१८.

चुका: कटलेटं ताटात सुटी गोठवली पण घाईत तासाभरातच पिशवीत भरली, तर सगळी एकमेकांना चिकटून एक लांबच लांब कटलेट झालं. मुलांना तेच जास्त आवडलं. सूप मी ऐकलं नाही आणि आधीच दाट केलं, सुटल्यावर वर पाणी, खाली लगदा. रवीने घुसळल्यावर बरं दिसलं, पण आजींनी विचारलंच, “हे कालचं का गं?” मी म्हटलं, “नाही आजी, बावीस तारखेचं.” त्यांनी दुसरी वाटी घेतली.

चौथ्या दिवशी सगळे बाहेर जेवून आले आणि एका जेवणाच्या तीन पिशव्या सुटून बसल्या होत्या. फ्रिजमध्येच होत्या, म्हणून परत गोठवल्या. शेंगदाणा पाच दिवस घरात नव्हता. नवरा काल संध्याकाळी पिशवी घेऊनच आला.

आता उरल्यात चार पिशव्या. तीनवर नाव आहे. एक अगदी मागे भिंतीला चिकटलेली सापडली, नाव नाही, तारीख नाही, फिकट नारिंगी, कडेला पांढरट कोरडे चट्टे. कप्पा रिकामा करताना ही नजरेतून सुटली कशी कळत नाही. सूप असावं.

चमचाभर

फळांचा गर. पैज.

मीठ_चवीपुरतं

ग्रेव्ही. एका पिशवीवर नाव लिहायला विसरली असशील.

सावळागोंधळ

सोडवून बघितली. फळांचा गर. मागच्या सुट्टीतला.

पडद्यामागची

मधे कधी सुटला नसेल तर खाऊन काही होणार नाही. ते पांढरे चट्टे म्हणजे बर्फाची थेट वाफ होऊन पडलेला कोरडेपणा, तेवढा भाग काढून टाका. चव मात्र फारशी उरली नसेल, केकच्या पिठात ढकला.